आकडा ठरेपर्यंत

सकाळी ७

कार्यशाळेचं शटर वर केलं की आधी बॅटरी बघायची. बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची ही लेड-ॲसिड बॅटरी काल दुपारी चार्जरवरून काढली आणि तशीच बाजूला ठेवली. चार्जिंग संपल्यासंपल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. भार नाही, चार्जर नाही, अशी काही तास निवांत राहिली की तिचं खरं व्होल्टेज कळतं. मल्टिमीटरच्या पिना टर्मिनलवर टेकवल्या: १२.६६. आजच्या दिवसापुरतं हे आमचं प्रमाण.

शेजारी ब्रेडबोर्डवर आमचा स्वतःचा व्होल्टमीटर मांडलेला आहे. एटमेगा ३२८पी ही चिप, म्हणजे आर्डुइनो उनोवर असते तीच, दोन रेझिस्टर आणि सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी. त्याच बॅटरीला जोडल्यावर तो १२.८१ म्हणतो, मग १३.०३, मग १२.८९. शेवटचे दोन अंक इतके भराभर बदलतात की डोळ्यांना वाचताच येत नाहीत.

मीटर जुन्नरकडच्या एका शेतकऱ्यांसाठी आहे. त्यांच्या शेतावरच्या खोलीत सोलर पॅनेल, बॅटरी आणि दिवे आहेत. रात्री दिवे कधी बंद करायचे ते आकड्यावरून कळावं, आणि पुढे याच चिपने ते आपोआप बंद करावेत, एवढं काम. काम छोटं असलं तरी त्यात सूट अजिबात नाही. बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी पूर्ण भरली की विश्रांतीत साधारण १२.७ दाखवते आणि अर्धी झाली की १२.२. अर्ध्या व्होल्टात निम्मी बॅटरी संपते. ज्या मीटरचा आकडा पाव व्होल्ट इकडेतिकडे होतो, तो भरलेली बॅटरी आणि पाऊण बॅटरी यांतला फरकच सांगू शकत नाही.

सकाळी ८.३०

माझ्याकडे प्रोजेक्ट करणारी डिप्लोमाची विद्यार्थिनी आली. ब्रेडबोर्डवरची मांडणी तिचीच. बॅग ठेवायच्या आतच तिने उपाय सुचवला.

“सर, कोडमध्ये शंभर रीडिंगची सरासरी टाकते. लगेच थांबेल आकडा.”

“थांबेल गं. पण का हलत होता ते मग कधीच कळणार नाही. सरासरी संध्याकाळी. आधी एलसीडी विसर आणि कच्चे आकडे लॅपटॉपवर घे.”

चिप व्होल्ट मोजत नाही, पायऱ्या मोजते. तिचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, दहा बिटांचा आहे, म्हणजे ० ते १०२३ अशा पायऱ्या. तूर्त संदर्भ म्हणून तिचा स्वतःचाच पाच व्होल्टचा सप्लाय घेतलेला आहे आणि ३०० के व १०० के या दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरने बॅटरीचं व्होल्टेज चौपट कमी केलेलं आहे. म्हणजे पूर्ण पट्टी वीस व्होल्टची आणि एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या: ६६०, ६५६, ६६७, ६६१, ६५५.

वहीत तीन रकाने पाडायला सांगितले. आकडा हलतो तो तीन तऱ्हांनी. एक थरथर: मधल्या किमतीभोवती सतत वरखाली. दुसरी सरक: आकडा हळूहळू एका बाजूला जातो, किंवा सगळाच्या सगळा एका बाजूला बसलेला असतो. तिसरी उडी: शांत ओळीत मध्येच एखादी भलतीच किंमत. तिघींची घरं वेगवेगळी. थरथर बहुतेक तारांतून आणि आसपासच्या विजेतून येते, सरक संदर्भातून आणि तापमानातून, तर उडी ढिल्या जोडातून किंवा शेजारी काहीतरी चालू-बंद होण्यातून. घर माहीत नसताना सरासरी घेतली तर थरथर झाकली जाते, सरक तशीच राहते आणि उडीचं थोडं विष सगळ्या रीडिंगमध्ये पसरतं.

एका पायरीची हालचाल मात्र कुणीही काढू शकत नाही. खरं व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या सीमेवर असेल तर एडीसी कधी खालची सांगणार, कधी वरची. तो त्याचा स्वभाव आहे. दहा-बारा पायऱ्यांची हालचाल हा आजार, आणि तो आज शोधायचा आहे.

सकाळी ९.३०

सुरुवात सरकेपासून, कारण ती सगळ्यात घातक. थरथरणारा आकडा निदान संशय तरी घ्यायला लावतो. सरकलेला आकडा शांतपणे खोटं सांगतो.

चिपच्या सप्लाय पिनवर मल्टिमीटर लावला: ४.९०. एलसीडीच्या बॅकलाइटची जंपर काढली: ५.००. त्याच क्षणी लॅपटॉपवरचे आकडे ६६१ च्या आसपासवरून ६४८ वर आले. बॅटरीला कुणी हातही लावला नव्हता.

एडीसी जे सांगतो ते गुणोत्तर असतं: आत आलेलं व्होल्टेज संदर्भाच्या किती हिस्सा आहे. संदर्भ पाच व्होल्टचा आहे असं कोड धरून चालतो. प्रत्यक्षात तो ४.९० झाला की तेवढंच व्होल्टेज मोठा हिस्सा दिसायला लागतं, आणि १२.६६ चे १२.९२ होतात. कापड मोजणाऱ्याच्या हातात रबराचा टेप दिला तर कापड कितीही ताठ धरून उपयोग नाही. इथे तसंच झालं होतं. यूएसबीचे पाच व्होल्ट पावणेपाच ते सव्वापाच यांच्यामध्ये कुठेही असले तरी यूएसबीच्या नियमात बसतात. ७८०५ या रेग्युलेटरची मर्यादाही ४.८ ते ५.२ अशीच आहे. चिप चालवायला हे दोन्ही उत्तम आहेत. संदर्भ म्हणून दोन्ही चालत नाहीत.

एटमेगाच्या पोटात १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो. डेटाशीट त्याची मर्यादा १.० ते १.२ अशी देते, म्हणजे दोन चिप घेतल्या तर दोघींचा आकडा वेगळा असू शकतो. त्याने घाबरायचं कारण नाही. त्या चिपचा जो काही आकडा आहे तो सप्लाय हलल्याने जवळजवळ हलत नाही, आणि एकदा मोजून कोडमध्ये लिहिला की काम झालं. एआरईएफ या संदर्भाच्या पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, कोडमध्ये अंतर्गत संदर्भ निवडला आणि पिनवर मल्टिमीटर धरला: आमच्या चिपचा १.०९ आला. इथे एक नियम पाळायचाच: अंतर्गत संदर्भ वापरताना या पिनला बाहेरून कोणतंही व्होल्टेज जोडायचं नाही, चिप जायबंदी होऊ शकते. आणि संदर्भ बदलल्यानंतरचं पहिलं रीडिंग फेकून द्यायचं.

संदर्भ लहान झाला म्हणून डिव्हायडरही बदलावा लागला. तिने १.५ मेग आणि १०० के लावले: सोळास एक. पूर्ण पट्टी सुमारे साडेसतरा व्होल्टची, एक पायरी सतरा मिलिव्होल्टची. आता बॅकलाइट लावा नाहीतर काढा, मधली किंमत ७४३ वरच. सरक गेली. थरथर मात्र तशीच: ७३५ ते ७५१.

सकाळी ११

गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा दिवस. ट्यूब विझली, पंखा थांबत गेला. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू राहिला आणि ओळी सरकत राहिल्या.

“सर, बघा.”

७४३, ७४३, ७४४, ७४३, ७४२, ७४३. सोळा पायऱ्यांचा पसारा दोन-तीन पायऱ्यांवर आला होता. सर्किटमध्ये एका तारेचाही फरक नाही. फक्त खोलीतली वीज गेली.

वीज नसण्याचा हा वेळ अशा कामात फार मोलाचा. एरवी पन्नास हर्ट्झच्या विजेने भरलेल्या खोलीत आपण मोजत असतो आणि ती वीज मोजमापात किती शिरते याचा अंदाजच येत नाही. आता आकडाच समोर होता: थरथरीतला मोठा वाटा खोलीतल्या विजेचा आहे, चिपचा नाही.

वीज परत आल्यावर एकेक वस्तू लावत गेलो. ट्यूब लावली, आकडा थोडा हलला. पंखा लावला, फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला आणि पसारा जवळजवळ पूर्ण परत आला. दोन पिनांच्या, अर्थिंग नसलेल्या स्विचिंग चार्जरमध्ये वीजपुरवठ्याची बाजू आणि आपली बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडी वीज पाझरते, धोका नसतो, पण लॅपटॉपचं आणि त्याला जोडलेल्या आमच्या बोर्डाचं अख्खं ग्राउंड त्या तालावर वरखाली होतं. म्हणून बारीक मोजमाप करताना लॅपटॉप चार्जरवरून काढायचा, आणि आज दिवसभर तो तसाच राहणार.

तारांचंही काम होतं. बॅटरीपासून बोर्डपर्यंत आलेल्या दोन तारा टेबलावर हातभर अंतराने पसरल्या होत्या. दोन तारांमधली मोकळी जागा जेवढी मोठी, तेवढं आसपासचं चुंबकीय क्षेत्र त्यात जास्त शिरतं. तिने त्या आखूड कापल्या आणि एकमेकींना पीळ देऊन जोडल्या. पिळलेल्या जोडीत एका पिळात आलेला खोडसाळपणा पुढच्या पिळात उलटा येतो आणि मोडतो. या उपायाला पैसा लागत नाही, आणि कोडने तो भरून काढता येत नाही.

दुपारी १२.३०

आता डिव्हायडर. १.५ मेग का घेतले, असं विचारलं तर तिचं उत्तर बरोबर होतं: बॅटरीतून कमी करंट खेचला जावा म्हणून. पण एडीसीची बाजूही ऐकायला हवी. त्याच्या पोटात चौदा पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर असतो. प्रत्येक वेळी तो पिनवरच्या व्होल्टेजपर्यंत भरला जातो आणि मग मोजला जातो. भरायला वेळ थोडाच मिळतो. डेटाशीट सांगते की समोरचा रेझिस्टन्स दहा किलो-ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. आमचा १.५ मेग आणि १०० के यांचा समांतर रेझिस्टन्स जवळपास ९४ के येत होता. शिवाय असा उंच रेझिस्टन्सचा बिंदू खोलीतली वीज सहज पकडतो. सकाळची थरथर एवढी मोठी होती त्याचं हेही एक कारण.

दोन्ही रेझिस्टरांतलं एकेक शून्य काढलं: १५० के आणि १० के. गुणोत्तर तेच सोळा, समांतर रेझिस्टन्स ९.४ के. करंट दसपट झाला, पण तो किती? ७९ मायक्रोअँपिअर. महिनाभरात ५७ मिलिअँपिअर-अवर. सात अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. काटकसर कुठे करायची ते असा हिशेब मांडल्यावर ठरतं.

एडीसीच्या पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, पिनच्या जितका जवळ बसेल तितका जवळ. तो आतल्या चौदा पिकोफॅरडच्या सात हजार पट मोठा आहे. आतला कपॅसिटर भरताना बाहेरच्याला ओझं जाणवतही नाही, आणि रेडिओ, मोबाइल, स्विचिंगची वळवळ पिनवर पोहोचण्याआधीच विरते.

दुपारी ३

जेवण उरकून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. सुटे रेझिस्टर, कपॅसिटर, झिरो पीसीबी पुण्यात इथे मिळतात. काउंटरवर “दीडशे के एमएफआर, वन परसेंट” म्हटलं की दुकानदार मेटल फिल्म रेझिस्टरची पट्टी पुढे करतो. कार्बन फिल्मचा पाच टक्केवालाही पेटीत असतो, पण तापमानाबरोबर तो जास्त बदलतो. मोजमापाच्या कामात तो घेत नाही. १५० के ची खूण बघून घ्यायची: तपकिरी, हिरवा, काळा, नारिंगी आणि थोडं अंतर सोडून शेवटचा पुन्हा तपकिरी, तो एक टक्क्याचा. १०० नॅनोफॅरडला इथे कुणी नॅनोत बोलत नाही. “पॉइंट वन” म्हणायचं, अंगावर १०४ छापलेला निघतो.

दोन्ही रेझिस्टर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घेतले. कारण साधं आहे. या रेझिस्टरांवर १०० पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे वीस अंश तापमान वाढलं तर किंमत ०.२ टक्क्यांपर्यंत बदलू शकते. डिव्हायडरमध्ये मात्र गुणोत्तर महत्त्वाचं. दोघे एकाच जातीचे असले आणि एकाच दिशेने, सारखेच बदलले तर गुणोत्तर जागेवर राहतं. पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे हाच मीटर लटकणार आहे.

दुपारी ४.१५

ब्रेडबोर्ड रजा घेतो, झिरो पीसीबी येते. ब्रेडबोर्डची धातूची पाती कल्पना पडताळायला उत्तम, पण प्रत्येक जोडात थोडा रेझिस्टन्स असतो आणि तो हात लागला तरी बदलतो. उडीच्या रकान्यात जे थोडे आकडे जमले होते ते टेबलाला धक्का लागला तेव्हाचेच. पक्का सोल्डर हाच त्यावरचा इलाज.

सोल्डरिंगपेक्षा महत्त्वाचा आहे तो ग्राउंडचा आराखडा. चिप, एलसीडी आणि बॅकलाइट मिळून पन्नास मिलिअँपिअर धरा. हा करंट परत जाताना ग्राउंडच्या तारेतून जातो. त्या वाटेत फक्त ०.१ ओहम असेल तर तिथे पाच मिलिव्होल्ट पडतात. पाच मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण डिव्हायडरने सोळाने भागलेलं व्होल्टेज कोड पुन्हा सोळाने गुणतो. त्या पाचाचे पडद्यावर ऐंशी मिलिव्होल्ट होतात. बॅकलाइट लागला की बॅटरी ऐंशी मिलिव्होल्टने बदलल्यासारखी दिसणार. संदर्भ कितीही पक्का असला तरी ही चूक त्याला पकडता येत नाही.

म्हणून डिव्हायडरच्या १० के चं खालचं टोक आणि १०४ चा पाय सरळ चिपच्या बाविसाव्या पिनवर, ॲनालॉग बाजूच्या ग्राउंडवर. बॅकलाइटची परतीची तार वेगळी, रेग्युलेटरपर्यंत स्वतंत्र. दोन्ही वाटा एकाच बिंदूत मिळतात, पण दुसऱ्याचा करंट कुणाच्या वाटेवरून जात नाही. विसाव्या पिनला, म्हणजे ॲनालॉग सप्लायला, डेटाशीटप्रमाणे दहा मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधून वीज दिली आणि तिथे आणखी एक पॉइंट वन लावला.

हाच नियम शेतावरच्या वायरिंगलाही. बॅटरीपासून पाच मीटरवर मीटर असेल आणि त्याला दिव्याच्याच तारेवरून जोड दिला, तर अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत जाऊन-येऊन ०.३४ ओहम होतात. एकवीस वॅटचा दिवा लागला की पावणेदोन अँपिअर, म्हणजे ०.६ व्होल्ट तारेतच. बॅटरी भरलेली असताना मीटर ती अर्धी संपली म्हणेल. मीटरच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, असं वायरमनसाठी कागदावर लिहून ठेवलं.

संध्याकाळी ५.३०

आता कोड. सकाळची सरासरी आता तिच्या जागी आली, आणि किती रीडिंगची घ्यायची याला कारणही आहे.

१६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १२८ ने भागून एडीसीला १२५ किलोहर्ट्झ दिले, कारण पूर्ण दहा बिट हवे असतील तर हे घड्याळ ५० ते २०० किलोहर्ट्झमध्ये ठेवावं लागतं. सलग चालणाऱ्या मोडमध्ये एक रीडिंग तेरा ठोक्यांत होतं: १०४ मायक्रोसेकंद. अशी १९२ रीडिंग म्हणजे १९.९७ मिलिसेकंद. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. बरोबर एक आवर्तन भरेल एवढी रीडिंग घेतली की लाटेचा चढ आणि उतार एकमेकांना मिटवतात आणि बेरजेत जे उरतं ते आपलं व्होल्टेज. शंभर रीडिंग घेतली असती तर अर्धंच आवर्तन भरलं असतं: कधी चढ हाती आला असता, कधी उतार, आणि आकडा हळू नाचत राहिला असता. साठ हर्ट्झच्या देशात हाच मीटर न्यायचा तर १६० रीडिंग घ्यावी लागतील.

ही युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. बाजारातल्या पिवळ्या स्वस्त मल्टिमीटरमध्ये ७१०६ जातीची चिप असते. तिचं घड्याळ ४० किलोहर्ट्झवर ठेवलं की ती शंभर मिलिसेकंद व्होल्टेज साठवत राहते. त्यात पन्नास हर्ट्झची पाच आवर्तनं पूर्ण बसतात आणि साठची सहा. दोन्हीकडची वीज मिटते.

बेरीज ठेवायला सोळा बिटांची जागा पुरत नाही. १९२ गुणिले १०२३ म्हणजे १,९६,४१६, आणि सोळा बिटांत ६५,५३५ च्या पुढे मावत नाही. म्हणून बत्तीस बिटांचं चल. अशा पाच सरासऱ्या घेतल्या, त्यांना चढत्या क्रमाने लावलं आणि मधली उचलली. सरासरीला एक वेडा आकडा ओढून नेतो. मधल्या किमतीला तो हलवू शकत नाही. उरलीसुरली उडी इथे गळते.

तिने एक छान प्रश्न विचारला. “सर, थरथर पूर्णच गेली तर सतरा मिलिव्होल्टच्या पायरीच्या मधलं कसं कळणार?” कळणार नाही. रीडिंग कायम ७४३ च येत असेल तर हजारांची सरासरीही ७४३ च. एखाद्या पायरीची यादृच्छिक थरथर असेल तरच रीडिंग कधी ७४३ आणि कधी ७४४ अशी वाटली जातात आणि त्या वाटणीतून मधली किंमत निघते. ॲटमेल कंपनीच्या मार्गदर्शक टिपणातला हिशेब असा: चौपट रीडिंग घेतली की एक बिट जास्त मिळतो, सोळापट घेतली की दोन. म्हणजे चिपची स्वतःची थोडी थरथर ठेवायची, ती उपयोगाची आहे. घालवायची ती खोलीतल्या विजेची, कारण तिला ताल असतो आणि ती सरासरीला फसवू शकते.

संध्याकाळी ७

मीटर आता १२.६४ दाखवतो आणि तिथे राहतो. पण ठाम आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे. दिवसभराच्या कामाने आकड्याला ठामपणा दिला. खरेपणा कॅलिब्रेशनने द्यायचा.

दोन बिंदू घेतले. आधी इनपुटच्या दोन तारा एकत्र करून शून्य. मग बदलता पॉवर सप्लाय १४.४० वर ठेवून मल्टिमीटर आणि आमचा मीटर शेजारी शेजारी. शून्यावर जो फरक येतो तो वजा करायचा, वरच्या बिंदूवर जो येतो त्याने गुणायचं. या एका गुणकात चिपचा १.०९ आणि रेझिस्टरांचे एक टक्के, सगळं सामावतं. मग मधल्या एका बिंदूवर, १२.०० ला, तपासणी. दोन्ही मीटर जुळले.

मग प्रश्न येतो तो मल्टिमीटरचा. तो बरोबर कशावरून? त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत अंधेरीला सरकारी इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे. भारतातल्या मोजमापांची ही साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. एके काळी जगाचा व्होल्ट एका काचेच्या घटात असायचा: १८९३ साली एडवर्ड वेस्टन यांनी केलेला कॅडमियमचा घट, वीस अंशांना १.०१८३ व्होल्ट देणारा. १९९० पासून जगाने व्होल्ट जोसेफसन परिणामावर बांधला. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये तो भाकीत केला आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यात व्होल्टेज एका फ्रिक्वेन्सीवरून ठरतं. शेतावरच्या खोलीतला आमचा मीटर या साखळीची फार दूरची कडी आहे, पण कडी आहे. ती जोडलेली असेल तरच पडद्यावरच्या आकड्यापुढे ‘व्होल्ट’ लिहायचा अधिकार मिळतो.

रात्री ८.१५

शेवटची चाचणी सुस्तपणाची. आकडा शांत करण्याच्या नादात मीटर इतका जड होऊ शकतो की खरा बदलही उशिरा दिसतो. बॅटरीला गाडीच्या ब्रेकलाइटचा एकवीस वॅटचा बल्ब लावला. आकडा लगेच खाली आला आणि नव्या जागी ठरला. बल्ब काढला, तसा वर चढू लागला. पाच सरासऱ्यांना मिळून शंभर मिलिसेकंद लागतात आणि पडदा सेकंदाला तीनदा ताजा होतो. माणसाच्या डोळ्याला एवढं पुरतं आणि बॅटरीचा कोणताही खरा बदल यातून निसटत नाही.

मग ठरवायचं होतं किती अंक दाखवायचे. टेबलावर शतांशही ठाम आहे. शेतावर मात्र बारा अंशांपासून बेचाळीस अंशांपर्यंत तापमान जाणार, संदर्भ आणि रेझिस्टर थोडे सरकणार, आणि शतांशाची हमी मी देऊ शकत नाही. ज्या अंकाची हमी देता येत नाही तो दाखवायचा नाही. पडद्यावर एकच दशांश ठेवला. आतल्या हिशेबात शतांश आहेतच. दशांश बदलायचा की नाही ते त्यांच्यावरून ठरतं, आणि सीमेवर फडफड होऊ नये म्हणून थोडं अंतर ओलांडल्याशिवाय तो बदलत नाही.

विद्यार्थिनीने मीटरच्या झाकणावर चिकटवायची चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहिली: “सकाळी ऊन यायच्या आधी, सगळे दिवे बंद असताना बघा. १२.७ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. त्या रात्री दिवे कमी वापरा. ११.८ च्या खाली जाऊ देऊ नका, तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं आणि बॅटरी मरते.” या तीन आकड्यांवर त्या घराने बॅटरी वापरावी, असं आपण त्यांना सांगतो आहोत. तेवढं सांगायचं तर आधी संदर्भ, मग तारा, मग ग्राउंड, मग सोल्डर आणि सगळ्यात शेवटी सरासरी, याच क्रमाने जावं लागतं.